ढावल्याची रिकामी ओळ

दिवस कलला की नानीबाई पितळी तांब्या घेऊन रूपसिंगच्या शेळीकडे निघायची. काम एवढंसंच, सुनेसाठी पावशेर दूध आणायचं. पण त्या वाटेला दोन्ही अंगांनी कुलूप घातलेली घरं होती, आणि नानीबाईसारख्या धीट म्हातारीलाही त्या कुलपांकडे न बघता चालायची सवय लागली होती.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. सेनगावपासून आडबाजूला, माळाच्या उतारावर तिचा तांडा. दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच मुकादमाचे ट्रॅक्टर आले आणि भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरंबाळं ट्रॉलीत घालून सगळा तांडा ऊसतोडीला निघून गेला. दरसालचंच होतं ते. मागे म्हातारी माणसं राहायची, पण त्या साली तीही उरली नव्हती. कुणी वारलं होतं, कुणी लेकीकडे जाऊन बसलं होतं. वरच्या अंगाला रूपसिंग आणि त्याची शेळी, खालच्या अंगाला नानीबाई आणि तिची सून दिपा. मधे नुसती दारं. कुत्रीसुद्धा ट्रॅक्टरमागे पळत गेली ती परतलीच नाहीत. माणसं गेलेल्या वस्तीला गार पडलेल्या चुलींचा, ओल्या राखेचा एक वास असतो. दिवेलागणीला तो जास्त यायचा.

खरं तर दिपानंही उसात असायला हवं होतं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नानीबाईचा लेक हरिचंद त्या साली एकटाच, अर्धा कोयता होऊन गेला होता. मागच्या साली उसाच्या फडावरच, उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या कोपीत, दिपाला मुलगी झाली. पोर गोड होती म्हणतात. नानीबाईनं तिला पाहिलंच नाही. थंडी भरली, छाती घरघरली आणि एका सकाळी पोर गेली. बारसंही झालं नव्हतं. हरिचंदनं बांधाच्या कडेला खड्डा केला. तोवर ट्रक येऊन उभा राहिला होता, मुकादम हाका मारत होता, आणि बायांनी डोळे पुसून मोळ्या डोक्यावर घेतल्या. दिपानंही घेतली. तिच्या गळ्यात गळा घालायला कुणाला उसंतच झाली नाही.

बंजाऱ्यांच्या बाया एकट्यानं रडत नाहीत, हे ज्याला ठाऊक नाही त्याला पुढचं कळायचं नाही. भेटल्या तरी, दुरावल्या तरी, कुणी गेलं तरी त्या एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. त्याला ढावलो म्हणतात. एकीनं सुरात विचारायचं, दुसरीनं सुरात जबाब द्यायचा. दुःख असं दोघींच्या तोंडून येत-जात राहिलं की ते हळूहळू पातळ होतं, आणि मग बाई डोळे पुसून भाकरी मागते.

नानीबाईचा ढावलो तर औषधच होता. आसपासच्या तांड्यांवर कुठं बाळंतीण हरवल्यासारखी झाली, कुठं सुनेनं अन्न टाकलं, की तिला जीप पाठवून नेत. ती आजारी बाईच्या गळ्यात हात टाकी, कानाशी तोंड नेई आणि विचारी, “कुणाची गं तू, कुठल्या तांड्याची, कुणी तुला एकटी सोडली?” आजारी बाई गप्पच राहिली तर तिच्या पाठीशी बसलेली एखादी धडधाकट बाई तिच्या वतीनं जबाब देई. दोन-तीनदा असं झालं की आजारी बाईचा गळा आपणच फुटे. नानीबाईच्या हातून एकही बाई मेली नव्हती.

पण घरच्या सुनेपुढं तिचं काही चालेना. दिपा बोलत नव्हती, रडत नव्हती, आणि आता खायचीही थांबली होती. हिंगोलीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, सलाईन लावलं. माणूस भला होता. “मावशी, यांच्या मनात साचलेलं बाहेर आलं पाहिजे,” असं तोही म्हणाला. नानीबाईला ते पटलं. पण जबाब देणारी बाई आणायची कुठून? सगळ्या बाया उसात. शेवटी तिनं एकटीनंच सुरू केलं. रोज दिवेलागणीला चिमणी लावायची, सुनेच्या गळ्यात हात टाकायचा, विचारायची ओळ गायची, आणि जबाबाची ओळ तेवढा वेळ मोकळी सोडून पुन्हा पुढची ओळ धरायची. त्या मोकळ्या ओळीत रातकिडे ऐकू यायचे. दिपा आढ्याकडे बघत असायची. तिच्या खांद्याची हाडं दिवसेंदिवस जास्त टोचायला लागली होती, आणि नानीबाईला कळत होतं की ही पोर होळी बघणार नाही.

असं चाललं असताना एके संध्याकाळी ती दूध आणायला गेली, तर रूपसिंग धार काढता काढता म्हणाला, “नानी, पाव्हणे आले व्हय तुमच्याकडं?”

“कोन येतंय माज्याकडं?”

“मंग लेकरू कुणाचं हाय? काल तुजा ढावलो चालला व्हता तवा मधी मधी बोलून राहिलं होतं.”

नानीबाईनं हसून सोडून दिलं. रूपसिंगला शेळी कानाशी ओरडली तरी ऐकू येत नसे, समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा. पण परतताना तिची चाल मंदावली. तिचा ढावलो तो बहिरा म्हातारा वरच्या अंगाला बसून कसा ऐकेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिनं तो तिथंच ठेवला.

त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखं विचारलं, “कुणाची गं तू, कुठल्या तांड्याची?” आणि ओळ मोकळी सोडली.

लांबून, तांड्याच्या पार वरच्या टोकाकडून, जबाब आला.

आवाज लेकराचा होता. बोबडा. सूर बरोबर होता, शब्द मात्र अर्धेमुर्धे. बोलायला शिकणारं पोर मोठ्यांचं ऐकून म्हणतं तसं. “तुजी... तुज्याच... पदलाची...”

नानीबाईचा हात सुनेच्या गळ्यातच थिजला. कुणाचं तरी लेकरू मागं राहिलं, हीच पहिली भीती. ट्रॉली भरायच्या गडबडीत तसंही होतं. ती कंदील घेऊन धावली. एकेक दार हलवून बघितलं, फटीला कान लावला, हाका मारल्या. कुलपांवर कोळ्यांनी जाळी धरली होती. शेवटच्या घरापुढं ती धापा टाकत उभी राहिली, तेव्हा माळावरून गार वारा आला आणि त्या वाऱ्याला कच्च्या दुधाचा वास होता.

घरी आली तर दिपा उठून बसली होती. कितीतरी दिवसांत आपणहून बसली नव्हती. तोंड दाराकडे होतं. समोरचा दुधाचा तांब्या रिकामा होता आणि तिच्या ओठांवर साय लागली होती.

नानीबाई त्या रात्री झोपली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं ढावलो म्हटला, हेही खरं. जबाब आला. आता तो अलीकडच्या घरांमागून आला, आणि बोबडा नव्हता. सातआठ वर्षांच्या पोरीचा खणखणीत आवाज. काल अडखळलेले शब्द आज साफ होते. एकच चुकला, तर तो पुढच्या दिवशी सुधारला. कुणीतरी अंधारात बसून तिच्याकडून ढावलो शिकत होतं. दर दिवशी आवाज जवळ येत होता, आणि दर दिवशी मोठा होत होता.

आणि दिपा? दिपानं पेज घेतली. मग भाकरीचा तुकडा मोडला. मग एका दुपारी न्हाऊन केस मोकळे सोडून ती उन्हात बसली आणि सासूकडे बघून ओळखीचं हसली. नानीबाईला एवढा आनंद झाला की ती चुलीमागं जाऊन रडली. त्या आनंदाच्या पोटात काय आहे, ते तिला कळत होतं. पण सून डोळ्यांदेखत जगत होती, आणि ज्या वाटेनं जगत होती ती बंद करायची तिची छाती होत नव्हती.

“बंद कर ते,” रूपसिंग म्हणाला. तांब्या घेऊन त्यानं तो तसाच खाली ठेवला. “काल माज्या दारावरून गेली ती. मला दुसरं काई ऐकू येत न्हाई, नानी... तिची पावलं आली.”

“बंद केलं तर सून मरती माजी.”

“आन न्हाई केलं तर?”

नानीबाईनं तांब्या उचलला आणि घराची वाट धरली.

तरी त्या संध्याकाळी तिनं ढावलो म्हटला नाही. दार लावलं, चिमणी मोठी केली, सुनेला कुशीत घेऊन पडली. बाहेर कुणीतरी थांबलं होतं. आवाज नव्हता, पण लहान पोर हट्ट धरून उभं राहतं तसं काहीतरी दाराशी होतं. दिपानं भाकरी बाजूला सारली. भिंतीकडे तोंड केलं. बघता बघता तिचे हातपाय गार पडले, नाडी लागेना, आणि नानीबाई घाबरून उठली. तिनं सुनेच्या कानाशी तोंड नेलं आणि फाटक्या आवाजात विचारलं, “कुणाची गं तू...”

“तुझीच गं मी, तुझ्याच पदराची,” कुडाच्या पलीकडून जबाब आला. एवढा जवळून, की कुडाच्या फटीतून श्वास आत आल्यासारखी चिमणीची वात हलली. आवाज आता लग्नाला आलेल्या पोरीचा होता. पाचट जळाल्याचा वास घरभर झाला. दिपाच्या गालांवर रंग चढला.

आणि मग पलीकडची ती जबाब देऊन थांबली नाही. तिनं आपण होऊन पुढचं धरलं. नवरी मुलगी माहेर सोडताना जो ढावलो गाते, तो. माझी वाट अडवू नका, माझी बोळवण करा, मला माझ्या घरी लावून द्या... नानीबाईनं तो कधीच शिकवला नव्हता तिला.

“याडी,” दिपा म्हणाली.

याडी म्हणजे आई. वर्षभरानंतर तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. आवाज गंजलेला, पण तिचाच.

“याडी, पोरगी मोठी झाली. दाराशी किती दिस उभी करायची? लावून द्या तिला.”

नानीबाईच्या अंगावर काटा आला. पण म्हातारी शहाणी होती. तिला त्यात सुटकाही दिसली. दिलेली लेक दार सोडून जाते. रडत जाते, पण जाते. अशीच बोळवण करून ही गेली, तर दिपाही सुटेल आणि दारही. तिनं सुनेच्या गळ्यात हात टाकला आणि निरोपाचा ढावलो धरला.

तो ढावलो नाव घेतल्याशिवाय पुरा होत नाही. घरातल्या थोरल्या बाईनं गाऊन सांगावं लागतं, पोरी, तुला अमक्या तांड्याच्या अमक्या घरी, अमक्याला दिली. त्याशिवाय नवरीनं उंबऱ्यापासून पाऊल उचलायचं नाही. ती जागा आली आणि नानीबाईचा सूर अडला. कुणाला दिली म्हणायचं? नाव तर पाहिजे. बाहेरची ती वाट बघत होती. दिपा वाट बघत होती. आणि सवय किती वाईट असते बघा, त्या भीतीतही म्हातारीनं आधी गोत्र बघितलं. आपण राठोड, राठोडात देता येत नाही, पवाराचं घर पाहिजे. पवार म्हटल्याबरोबर तोंडाशी आलं ते हरिचंदच्या जिवलग दोस्ताचं नाव. वसराम पवार, बाळापूरच्या अंगाच्या तांड्यावरचा, त्याच्याच टोळीतला. दिपाला दिवस गेले तेव्हा वसरामचा पोरगा पाळण्यात होता, आणि दोघे दोस्त थट्टेनं एकमेकांना व्याही म्हणू लागले होते. ते नाव जिभेवर तयार होतं. नानीबाईनं ते उचललं आणि गायली.

“वसरामच्या घरी, त्याच्या कुलदीपला...”

शब्द बाहेर पडला आणि तिचा जीव चरकला. पण गायलेलं नाव परत घेता येत नाही.

दिपाचा गळा फुटला. तिनं सासूला घट्ट मिठी मारली आणि लेकीची बोळवण करणारी आई रडते तशी ती रडली, वर्षभराचं रडली. नानीबाईही रडली. बाहेरचा आवाज त्यांच्याबरोबर रडत रडत अंगणातून उतरला, उतारावरून खाली गेला, बारीक होत होत माळापलीकडे विरला. मग रातकिडे ऐकू आले. दिपानं नाक पुसलं आणि म्हणाली, “भूक लागली.”

होळीच्या तोंडावर तांडा परत आला. ट्रॅक्टर उन्हात उभे राहिले, कुत्री भुंकली, कुलपं निघाली, चुली पेटल्या. हरिचंद बायकोला दारात उभी बघून तिथंच खाली बसला. मग त्यानं आईचे पाय धरले. नानीबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिचं लक्ष ट्रॉलीकडे होतं. वसराम आणि त्याची बायको पुजा त्यांच्याबरोबरच उतरले होते. पुजाच्या कडेवर कुलदीप होता. दोन वर्षांचं पोर वाळून कोळ झालं होतं.

“नानी,” पुजा म्हणाली, “थंडीपासून असं करून राहिलाय बगा. खात न्हाई, रडत न्हाई. दवाखाने झाले. तुमचा ढावलो औषध हाय म्हणून आमी बाळापूरला न जाता सरळ इकडंच आलो. माज्या लेकराला गाऊन दाखवा.”

“कदीपासून?” नानीबाईनं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“एका सांजेला दाराकडं बघून हसला. हात फुडं केला कुनाकडं तरी. तवापासून तसाच हाय. काहून काय कळंना.”

तेवढ्यात दिपा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. कुलदीपला बघितलं आणि तिनं पदर ओढून तोंड झाकलं, मान खाली घातली, पाणी लांबूनच ठेवलं. बायका हसल्या. एवढ्याशा पोरापुढं कसली लाज गं, म्हणाल्या. जावयापुढं सासू तसा पदर घेते, हे तिथं एकट्या नानीबाईला उमगलं.

तिनं कुलदीपला मांडीवर घेतलं. पोराचं अंग गार होतं आणि त्याची एक मूठ कुणाचं तरी बोट धरल्यासारखी वळलेली होती. पुजा जबाब द्यायला पाठीशी बसली. भोवती बायका जमल्या. ऊन होतं, माणसं होती, भाकऱ्यांचा वास होता. नानीबाईच्या मनाशी एकच गोष्ट पक्की होती. दिलेली लेक परत घेता येत नाही, पण तिला माहेराला बोलवता येतं. तिनं डोळे मिटले आणि गायली, “सासरच्या पोरी, सोड त्याचा हात, ये गं माझ्या घरी...” आणि ओळ मोकळी सोडली.

पुजानं तोंड उघडायच्या आत जबाब आला.

तो म्हातारीचा आवाज होता. नानीबाईहून म्हातारी, दात पडलेल्या तोंडाचा, मधेच खोकल्यानं तुटणारा. सगळ्या बायांच्या मधून, अगदी हाताच्या अंतरावरून. आणि तो जबाब नव्हताच. ती विचारत होती. “कुणाची गं तू, छोरी? कोण राहिलंय तुझं?” एवढं गाऊन तिनं ओळ मोकळी सोडली.

ती ओळ नानीबाईची होती. जन्मभर विचारणारी म्हातारी कोवळ्या पोरीसारखी कावरीबावरी झाली. मांडीवर कुलदीप थंड पडत चालला होता. पुजा कानाशी कुजबुजली, “द्या ना जबाब, नानी...”

“तुझीच गं मी,” नानीबाई गायली, “तुझ्याच पदराची.”

कुलदीपची मूठ सुटली. त्यानं एक मोठा श्वास घेतला आणि टाहो फोडला. पुजानं त्याला ओढून छातीशी धरलं. वसराम डोळे पुसायला लागला, बायांनी कडाकडा बोटं मोडून नानीबाईची दृष्ट काढली. नानीबाई मात्र हलली नाही. तिच्या गळ्यात कुणाचे तरी हात पडले होते, आणि ते निघत नव्हते.

निघताना पुजा पाया पडायला आली. नानीबाईच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. मग गुडघ्यांवरच थोडी बाजूला सरकली आणि शेजारच्या मोकळ्या जागेपुढंही तितकीच वाकली.

“ह्या आजी कोन, वयनी?” तिनं उठता उठता दिपाला विचारलं. “लई गोड गळा हाय.”

“माजी लेक,” दिपा म्हणाली. “माहेराला आली. आता याडीसंगंच राहनार हाय.”